खेळणाऱ्या मुलांनी वजनं का उचलावीत, आणि कशी

खो-खोमध्ये खांबाला वळसा घालून झटकन दिशा बदलणारी १४ वर्षांची मुलगी त्या एका पावलावर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार झेलते. तेही वेगात, तिरक्या पडलेल्या पायावर आणि दम लागलेला असताना. याला घरात कोणाची हरकत नसते. तीच मुलगी हातात पाच किलोचं डंबेल घेऊन बैठका मारू लागली, की आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांची सभा भरते. एवढ्यात कशाला? उंची खुंटेल. मुलीच्या जातीला दंड फुगलेले बरे दिसतात का? ठाण्यात शाळकरी खेळाडूंना व्यायाम शिकवताना ही वाक्यं मला पाठ झाली आहेत.

आधी हिशेब करू. धावताना पाऊल पडतं तेव्हा जमीन शरीराला जो उलटा धक्का देते, तो वजनाच्या दोन ते तीन पट असतो. म्हणजे ४५ किलोच्या मुलीला प्रत्येक पावलागणिक ९० ते १३५ किलो. व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून खाली येताना तो तीन ते पाच पट होतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीझवर आपटतो तेव्हा पाच पटीच्या आसपास, कधी त्याहूनही वर. आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यापुढे दहा किलो वजन छातीशी धरून सावकाश, सरळ पाठीने मारलेली बैठक ही फारच सभ्य गोष्ट आहे. भार मुलं आधीपासूनच उचलत असतात. तो झेलायचा कसा, हे मात्र बहुतेकांना कोणी शिकवलेलं नसतं.

ताकदीचा व्यायाम म्हणजे स्नायूंना कशाच्या तरी विरोधात काम करायला लावायचं आणि तो विरोध हळूहळू वाढवत न्यायचा. विरोध स्वतःच्या शरीराचा चालतो, रबरी पट्ट्याचा, मेडिसिन बॉल नावाच्या जड चेंडूचा, डंबेलचा किंवा बारबेलचा, म्हणजे दोन्ही टोकांना वजनं लावलेल्या लांब दांड्याचा. आरशासमोर दंड फुगवण्याशी त्याचा संबंध नाही, आणि वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरण्याशीही नाही. आपल्याकडे या सगळ्यालाच ‘जिम लावली’ म्हणतात, म्हणून घरच्यांच्या डोळ्यांपुढे लगेच भलतंच चित्र उभं राहतं.

उंचीचं काय?

या भीतीमागे एक खरी गोष्ट आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ चकती असते. तिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते या चकतीत नव्या पेशी तयार होत राहतात म्हणून. वाढ पुरी झाली की तिचं हाड होतं आणि उंची थांबते. मुलींमध्ये हे साधारण १४ ते १६ व्या वर्षी होतं, मुलांमध्ये १६ ते १८ च्या दरम्यान. तोवर ही चकती भोवतालच्या हाडापेक्षा आणि हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यापेक्षा, म्हणजे लिगामेंटपेक्षाही नाजूक असते. तिला जबर मार बसला तर त्या हाडाची वाढ बिघडू शकते.

असा मार बसतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे. सायकलवरून, कबड्डीत पकड होताना, हात टेकून आपटल्यावर. वजनं उचलताना झालेल्या इजांच्या जुन्या नोंदीही आहेत, पण त्यांतल्या बहुतेक ठिकाणी शिकवणारं कोणी नव्हतं आणि पोरगं न झेपणारं वजन डोक्यावर न्यायला गेलं होतं. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामामुळे उंची कमी भरली, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

मग समज आला कुठून? त्याचं मूळ शोधणारे हमखास एका जपानी अहवालाकडे बोट दाखवतात. १९६४ साली टोकियोत भरलेल्या क्रीडाविज्ञान परिषदेत काटो आणि इशिको या दोन संशोधकांनी दुर्गम भागातल्या कष्टकरी मुलांच्या हाडांची वाढ खुंटल्याचं मांडलं होतं. ती मुलं अंगावर जड कामं करत होती. त्यांच्या पोटात पुरेसं अन्न जात होतं का, झोप किती मिळत होती, आजारपणं किती झाली, हे सगळं त्या कष्टांपासून वेगळं काढता येत नाही. बालमजुरीवरून निघालेला निष्कर्ष आठवड्यातून दोनदा पाऊण तास व्यायाम करणाऱ्या, घरी दूध-अंडी खाणाऱ्या पाचपाखाडीतल्या मुलाला लावायचा, याला काय म्हणावं.

‘वेटलिफ्टर बुटकेच असतात की’, हा डोळ्यांनी दिलेला पुरावा. कमी वजनाच्या गटांत असतात खरे. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. तिची उंची पाच फुटांच्या आतबाहेर. त्या वजनात उंच माणसाच्या अंगावर स्नायू कमी बसतात आणि बार वर न्यायचं अंतर मात्र वाढतं, म्हणून बुटकी माणसं त्या गटात टिकतात आणि पुढे येतात. वरच्या टोकाला जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे आहे. २०१६, २०२० आणि २०२४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा हा गडी १९७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसहा फूट उंच आहे. बास्केटबॉल खेळून कोणी ताडमाड होत नाही, तसंच हे. जाता जाता, बारला लटकूनही उंची वाढत नाही. लटकल्याने पकड आणि खांदे सुधारतात, तेवढ्यासाठी खुशाल लटकावं. उंचीचा मोठा वाटा आईवडिलांकडून येतो. बाकीचा खाणं, झोप आणि आजारपणं ठरवतात.

स्नायू फुगत नाहीत, मग ताकद येते कुठून?

जाणकारांचंही एकेकाळी चुकलं होतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना. १९८३ साली तिने म्हटलं होतं की वयात न आलेल्या मुलांच्या अंगात पुरेशी पुरुष-संप्रेरकं नसतात, म्हणून वजनं उचलून त्यांची ताकद फारशी वाढणार नाही. मग मोजमापं होत गेली आणि उलटंच दिसलं. अशा मुलांची ताकदही आठ ते वीस आठवड्यांत साधारण ३० टक्क्यांनी वाढते. दंडाचा घेर मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्याच संघटनेच्या २०२० च्या अहवालाने देखरेखीखालच्या ताकदीच्या व्यायामाला मुलांसाठी स्पष्ट पाठिंबा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही ५ ते १७ वयासाठी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणाऱ्या हालचाली सांगतात.

घेर न वाढता ताकद कशी वाढते, यात या विषयाची खरी गंमत आहे. स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतू. त्यांचे गट असतात आणि प्रत्येक गटाला मज्जातंतूमार्फत मेंदूकडून हुकूम जातो. न शिकलेल्या शरीरात बरेच गट गप्प बसून असतात, उरलेले पुढेमागे कामाला लागतात, आणि विरुद्ध बाजूचे स्नायू उगाच ताणून धरलेले राहतात. गणपतीच्या दोन महिने आधी ढोल-ताशा पथकाचा पहिला सराव ज्याने ऐकलाय त्याला हे लगेच कळेल. ढोल तेवढेच, हात तेवढेच, पण ठोका विखुरलेला. मिरवणुकीच्या दिवशी तोच ठोका एकत्र पडतो आणि छातीत घुमतो. व्यायामाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत शरीरात हेच होत असतं. वयात आल्यावर संप्रेरकं वाढली की स्नायूंचा आकारही वाढायला लागतो, मुलांचा जास्त, मुलींचा बराच कमी. मुलींच्या दंडांची काळजी करणाऱ्या काकूंना एवढं सांगितलं तरी पुरे.

म्हणूनच मी याला व्यायामापेक्षा शिक्षण समजतो. सायकल, पोहणं, तबला यांसारखं लहान वयात अंगात उतरलेलं चटकन जात नाही. बैठकीतून नीट वर येणं, पाठ न वाकवता जमिनीवरून वस्तू उचलणं, या हालचाली १३ व्या वर्षी बसल्या की २० व्या वर्षी जड वजन पाठीवर आलं तरी शरीर गोंधळत नाही. उलट १९ व्या वर्षी जिल्हा संघात निवड झाली आणि तेव्हा पहिल्यांदा बारबेल हातात आला, की मुलाची ताकद मोठ्या माणसाची असते आणि तंत्र नवशिक्याचं. अशा मुलाची मला जास्त धास्ती वाटते.

कमावलेली ताकद मात्र सोडून दिली की उतरते. दहावीच्या वर्षी ग्राउंड बंद, जिम बंद, दहा महिने नुसते क्लास, आणि परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर. एप्रिल-मे महिन्यात दुखरे स्नायू आणि सुजलेले गुडघे घेऊन येणारी मुलं पाहिली की त्यांचं वेळापत्रक विचारायची गरजच पडत नाही. आठवड्यातून एक सत्र, तीस-चाळीस मिनिटांचं, चालू ठेवलं तरी ताकद बरीचशी टिकते. तेवढ्याने टक्के जात नाहीत.

एका वर्षात बूट तीनदा बदलावे लागतात तेव्हा

मुलींमध्ये साधारण १२ व्या आणि मुलांमध्ये १४ व्या वर्षाच्या आसपास उंची सर्वांत वेगाने वाढते. वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर. हाडं लांब होतात, पण त्यांना ओढून धरणारे स्नायू आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे पडतात. हाडांमध्ये खनिजं भरण्याचं कामही उंचीच्या मागे सहा महिने ते वर्षभर रेंगाळतं. म्हणजे हाड लांब झालेलं असतं आणि अजून पुरतं भरलेलं नसतं. मुलांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण याच काळात सर्वांत जास्त दिसतं, ते उगाच नाही.

कालपर्यंत चपळ असलेला पोरगा या वर्षात अचानक धांदरट होतो. पाय कुठे पडतोय ते कळत नाही, धावण्याचा वेळ वाढतो, झेल सुटतात. मेंदूकडे असलेला शरीराचा नकाशा जुना झालेला असतो. काही प्रशिक्षक याला आळस समजतात आणि येऊरच्या चढावर आणखी चार फेऱ्या मारायला लावतात. चढावर धावून दम वाढतो, मांड्याही थोड्या घट्ट होतात, पण उतारावर परत येताना गुडघ्यांवर जो मार बसतो तो नेमका याच वर्षात नको असतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखायला लागतं. त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे दुखलं तर सेव्हर्स. दोन्ही ठिकाणी ताणलेला स्नायू अजून कच्च्या असलेल्या हाडाला ओढत असतो. बहुतेक वेळा वाढ पुरी झाली की हे आपोआप जातं, पण मधलं वर्ष-दीड वर्ष पळण्या-उड्यांचं प्रमाण कमी करावं लागतं.

हाच काळ ताकद शिकवायला चांगला. नव्या लांबीच्या पायांवर तोल धरायला सावकाश बैठका, एका पायावरचे व्यायाम आणि पाठीचं बळ कामी येतं. शिवाय हाडं भाराला प्रतिसाद देतात. वेगाने भरण्याच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांचा साधारण पाव हिस्सा जमा होतो. म्हातारपणी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आपण पन्नाशीत गोळ्या सुरू करतो. खरी जमा तेराव्या-चौदाव्या वर्षी होऊन गेलेली असते.

एक साधी सवय लावून घ्या. दर महिन्याला भिंतीवर उंचीची खूण करा, तारखेसकट. खूण झपाट्याने वर सरकायला लागली की प्रशिक्षकांना सांगा. त्या महिन्यांत वजन वाढवण्याची घाई करायची नाही, तंत्रावर थांबायचं.

मुलींचे गुडघे

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने मुलींच्या खेळातले दोन मोठे दिवस पाहिले. २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या महिला क्रिकेट संघाने तिथेच विश्वचषक उचलला. मुलींना मैदानावर सोडा, असं आता घरोघरी सांगावं लागत नाही. पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

गुडघ्याच्या आत एसीएल नावाचं लिगामेंट असतं. ते तुटलं की शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभर खेळ बंद. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल यांसारख्या खेळांत किशोरवयीन मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा किमान दुप्पट आढळते, काही अभ्यासांत त्याहून पुष्कळ जास्त. बहुतेक वेळा कोणी धडकलेलं नसतं. उडीवरून उतरताना किंवा धावता धावता थांबताना गुडघा आत वळतो आणि लिगामेंट जातं. वयात येताना मुलांच्या ताकदीत आपोआप मोठी भर पडते. मुलींची उंची आणि वजन वाढतं, ताकद त्या मानाने वाढत नाही. ती भर व्यायामाने घालावी लागते. घातली तर फरक पडतो: ताकद, तोल आणि उतरण्याचं तंत्र एकत्र शिकवणाऱ्या कार्यक्रमांनी या दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या आहेत.

यांतला सर्वांत सोयीचा कार्यक्रम फिफाचा ‘इलेव्हन प्लस’. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम, सामान काही नाही, वॉर्मअपच्या जागी करायचा. हलकं धावणं, मग प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणं), बैठका, उड्या, एका पायावर तोल, आणि गुडघ्यांवर बसून सोबत्याने घोटे धरलेले असताना सावकाश पुढे झुकत जाण्याचा व्यायाम, जो मांडीच्या मागच्या स्नायूंना अक्षरशः रडवतो. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्या क्लबांनी तो केला तिथे एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. फुटबॉल खेळत नसलात तरी बिघडत नाही. कबड्डी आणि खो-खोच्या मुलींना मी तोच थोडा बदलून देतो.

घरी तपासायचं असेल तर मुलीला पायरीवरून खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाईलवर हळू गतीचा व्हिडिओ काढा. उतरताना गुडघे पावलांच्या रेषेत राहतात, की एकमेकांकडे झुकतात? झुकत असतील तर घाबरण्यासारखं काही नाही. काम कुठे करायचं ते कळलं, एवढंच.

क्रिकेटच्या पालकांसाठी एक वेगळा मुद्दा. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडते, ती मुख्यतः अति षटकांमुळे. ताकद मदत करते, पण सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून आणि संध्याकाळी अकॅडमीच्या नेट्समध्ये टाकलेल्या चेंडूंचा हिशेब ती माफ करू शकत नाही. तो हिशेब घरच्यांनीच वहीत ठेवावा, कारण तिन्ही ठिकाणच्या सरांना एकमेकांचा पत्ता नसतो.

शिकायचं काय

हालचाली मोजक्या. बैठक. खुब्यातून वाकणं, म्हणजे पाठ सरळ ठेवून कंबर मागे ढकलत खाली जाणं. ढकलणं, ज्यात आपले जोर येतात. ओढणं, ज्यात बारला लटकून वर जाणं किंवा पट्टा छातीकडे खेचणं येतं. एका पायावर उभं राहून काहीतरी करणं. जड वस्तू हातात धरून ताठ चालणं. आणि उडी, पण आधी उतरण्याची. वर उडायला सगळ्यांना येतं. आवाज न करता उतरायला शिकावं लागतं.

सुरुवातीला वजन नसतंच. खुब्यातून वाकणं मी झाडूच्या दांड्यावर शिकवतो: दांडा पाठीला लावायचा, तो डोक्याला, पाठीच्या मध्यावर आणि माकडहाडाला टेकलेला राहिला पाहिजे. एक जागा जरी सुटली तरी पाठ वाकली. पंधरा दिवस हेच. मुलं कंटाळतात, बाप लोक जास्त कंटाळतात. फीचे पैसे देऊन झाडू काय धरायला लावता, असं मला तोंडावर विचारलेलं आहे.

हालचाल बसली की हलकं वजन. एक किंवा दोन सेट, प्रत्येकी आठ ते पंधरा वेळा. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं, अशा जागी थांबायचं. शेवटच्या वेळी अंग थरथरलं किंवा पाठ वळली, तर ते वजन आजचं नव्हे. सगळे सेट नीट व्हायला लागले की पाच-दहा टक्के वाढ. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, लागोपाठ नकोत, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी पाय जड करणारं काही नको. ‘जास्तीत जास्त किती उचलतोस’ ही स्पर्धा मित्रांसमोर लावायची नाही. जास्तीत जास्त वजनाची चाचणी जाणता प्रशिक्षक घेऊ शकतो. टाळ्या वाजवणारे मित्र नाही.

वर्षातला आपला चांगला हंगाम पावसाळा. जून ते सप्टेंबर मैदानांचा चिखल होतो, सराव रद्द होतात, मुलं घरात बसतात. घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समधलं पोडियम पार्किंग, शाळेचं सभागृह, वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमधली स्टिल्टखालची कोरडी जागा, एवढ्यात काम भागतं. त्या चार महिन्यांत कमावलेलं दिवाळीनंतरच्या शालेय स्पर्धांमध्ये दिसतं.

सोसायटीची जिम आणि लाल माती

बऱ्याच टॉवरमध्ये आता एसी जिम असते आणि शिकवायला कोणी नसतं. मशीनं मोठ्या माणसांच्या मापाची, भिंतभर आरसे, आणि मोबाईलवर रील पाहून व्यायाम करणारी दोन कॉलेजकुमारं. १३ वर्षांच्या मुलाला तिथे एकटं पाठवू नका. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा लहान मुलांच्या वजनांशी निगडित इजांपैकी सुमारे दोन तृतीयांश हातापायांच्या होत्या, आणि त्या मुख्यतः बोटांवर वजन पडल्याने किंवा बोट अडकल्याने झालेल्या. धोका इतका साधा आहे, आणि लक्ष ठेवणारं माणूस असलं की टळणाराही. प्रशिक्षक निवडताना त्याचे स्वतःचे दंड पाहू नका. मुलांसोबत किती वर्षं काम केलंय, एका वेळी किती जणांवर लक्ष ठेवतो आणि पहिल्या महिन्यात काय शिकवणार, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात वजनांचे आकडे आले तर पुढची जिम पाहा.

खरं तर हे सगळं आपल्याला परकं वाटायला नको होतं. तालमीत पोरं जोर-बैठका मारतच मोठी झाली. मल्लखांबावर आठ-दहा वर्षांची मुलं आपलं सगळं वजन दोन हातांवर तोलतात, आणि उंची खुंटेल म्हणून त्यांना कोणी खाली उतरवत नाही. आखाड्यात वस्ताद समोर उभा असायचा, चुकलं की तिथल्या तिथे हटकायचा. ती नजर ही तालमीची मोठी देणगी. आकड्यांचं वेड मात्र मला पटत नाही. शंभराच्या पाचशे बैठका झाल्या की दम वाढतो, ताकद थबकते आणि मोडक्या तंत्राची सवय लागते. त्याहून वाईट म्हणजे उशीर झाला म्हणून पन्नास जोर. व्यायाम शिक्षा म्हणून दिला, की मूल तो आयुष्यभर शिक्षा म्हणूनच ओळखतं. ही पद्धत ठाण्याच्या मैदानांवरून जितकी लवकर जाईल तितकं बरं.

खाणं आणि झोप

जिम लावली की आठवड्याभरात प्रोटीनच्या डब्याची मागणी येते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयात दिवसाला साधारण ४३ ते ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात, १६ ते १८ वयात मुलांना ५५ आणि मुलींना ४६. खेळणाऱ्यांना थोडी जास्त. दोन अंडी, दोन वाट्या डाळ-उसळ, दूध-दही, मूठभर दाणे, आणि मासे-चिकन किंवा पनीर-सोयाबीन यांतलं काही, एवढ्यात ती भरतात. त्याच संस्थांच्या २०२४ च्या आहारसूचनांनी शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळायला सांगितलं आहे. डब्यात लेबलवर नसलेलं काही निघण्याची शक्यता असते, आणि उत्तेजक चाचणीत सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

झोपेचं गणित अवघड आहे. या वयाला आठ ते दहा तास लागतात. क्लास रात्री नऊला सुटतो, जेवण, गृहपाठ, मोबाईल, आणि पहाटे साडेपाचला ग्राउंड. सहा तासांच्या झोपेवर आठवड्यातून चार सकाळी येणाऱ्या मुलाला मी एक सकाळ घरी झोपायला सांगतो. पालक फी परत मागत नाहीत, पण त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

डॉक्टरांकडे कधी

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणं, जिना उतरताना ‘आई गं’ होणं हे सुरुवातीला व्हायचंच. दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यातच दुखत असेल, सूज असेल, मूल लंगडत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, किंवा गोलंदाजाची कंबर दोन आठवडे एकाच जागी दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं. हृदयाचा विकार, वाढलेला रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. खेळणाऱ्या मुलीची पाळी सुरू होऊन पुढे तीन महिने बंद राहिली, तर ‘व्यायामाने होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. तिचं खाणं तिच्या श्रमाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते, आणि हाडं त्यानेही कमकुवत होतात. दुखापतीनंतर ‘वजनं पूर्ण बंद’ असा सल्ला मिळाला तर फिजिओला एक प्रश्न जरूर विचारा: दुखरा पाय सोडून बाकीचं काय चालू ठेवता येईल? बहुतेक वेळा बरंच काही चालू ठेवता येतं.